सोबत म्हणून बर्फात

३ फेब्रुवारी १९७७. सकाळचं काम होतं पाणी करण्याचं. हिमाचलातल्या एका घाटाखाली, पत्र्याच्या छावणीत, मी स्टोव्हला पंप मारत बसले होते आणि डेचकीत बर्फ भरत होते. डेचकी शिगोशीग भरली तरी वितळून तळाला जेमतेम कपभर पाणी होतं. घाई करून आच वाढवली तर कोरडा बर्फ तळाला धरतो आणि चहाला करपट वास लागतो. पाणी करपतं, हे मला चिंचवडात कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

हे काम माझ्याकडं होतं, कारण माझ्या येण्याचं कारणच ‘सोबत’ हे होतं. बाहेर कुसुम कांबळे, आमच्या कारखान्यातली ड्राफ्ट्समन, खाकी कोट घालून नेगीसाहेबांशेजारी उभी होती आणि दोघं समोरच्या पांढऱ्या उताराकडं बोटं दाखवून बोलत होते. नेगीसाहेब म्हणजे तिथल्या रस्त्याचे इंजिनिअर. कुसुम पंचविशीतली, मी चाळिशीला टेकलेली. ती बोलावलेली, मी तिच्याबरोबर पाठवलेली. ती बर्फ वाचत होती आणि मी तो उकळत होते.

या अंकाच्या संपादकांनी लेखासाठी आधी कुसुमलाच विचारलं होतं, हेही सांगून टाकते. तिला वेळ नव्हता. ती आता मोठ्या कंपनीत आहे.

पुढचं कळण्यासाठी आधी आमचा धंदा सांगितला पाहिजे. चिंचवड स्टेशनच्या पलीकडं आमची शेड. मालक लेलेसाहेब. पावसाचं माप, टाकीतली पातळी दाखवणारे काटे, असली मोजमापाची उपकरणं आम्ही करायचो. मी १९६२ साली लग्न होऊन चिंचवडात आले. हे पिंपरीच्या एका कंपनीत शिफ्टवर होते. मॅट्रिक झालेली बाई घरात बसून काय करणार, म्हणून मीही नोकरी धरली आणि तपासणीच्या टेबलावर बसले. तपासणी म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामात चूक शोधणं. सासरी आल्यापासून ते काम माझ्यावर चालू होतंच. बाजू बदलून बसायला मला फार शिकावं लागलं नाही.

कुसुम नंतर आली. तिचे वडील भोसरीच्या एका फाउंड्रीत साचे भरायचे. मुलीला त्यांनी डिप्लोमापर्यंत शिकवलं. ती आली, ड्रॉइंगच्या टेबलावर बसली आणि वर्षभरात कारखान्यातल्या वस्तूंना तिचं नाव लागायला लागलं. ‘कुसुमचा काटा’, ‘कुसुमचं झाकण’. माझ्या नावानं कारखान्यात काही ओळखलं जायचं ते फक्त मोडलं तर. “शिंदेबाईंनी पास केलेलं ना?” असं.

तर एकदा हिमालयातल्या रस्त्यांचं काम बघणाऱ्या खात्याकडून आम्हाला एक नमुना आला. एक जुनी परदेशी सळई. ॲल्युमिनियमच्या पोकळ नळ्या एकीत एक आटे फिरवून जोडायच्या, खाली निमुळतं टोक, वर सरकणारं वजन. त्या वजनाला आम्ही हातोडा म्हणायचो. हातोडा उचलायचा, सोडायचा. प्रत्येक ठोक्याला सळई किती आत गेली ते वाचायचं. अशी करून द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. लेलेसाहेबांनी सगळ्यांना जमवून सांगितलं, “बर्फात ठोकायची सळई आहे.”

इथं घोटाळा झाला. आमच्याकडं बर्फ म्हणजे लादी. पिंपरीच्या बर्फाच्या कारखान्यातून भुशात आणि गोणपाटात गुंडाळून येते ती. गोळेवाला रंधा मारतो ती. वरातीत सरबताच्या पिंपात टाकतात ती. दुसरा बर्फ असतो हे आम्हाला माहीतच नव्हतं असं नाही. कॅलेंडरवर डोंगर पांढरे असतातच. पण शब्द एकच, आणि शब्दाबरोबर डोळ्यांपुढं लादी आली ती आलीच. नमुन्याचं टोक बोथट, रुंद होतं. कुसुम म्हणाली, “वापरून घासलंय.” तिनं टोच्यासारखं तीक्ष्ण काढलं. हातोडा हलका वाटला, म्हणून लेलेसाहेबांनी वजन वाढवायला सांगितलं. मी हातगाडीवरून लाद्या मागवल्या आणि त्यांच्यावर सळया ठोकून पास केल्या. लादीला भोक सुरेख पडायचं.

सळया वर गेल्या. उन्हाळ्यात नेगीसाहेब स्वतःच आले. उंच, सावकाश बोलणारा माणूस. चहा घेऊन झाल्यावर म्हणाले, “आपकी छड को बर्फ में खडा किया, तो वो अपने आप पूरी अंदर चली गयी. हथौडा उठाने का मौका ही नहीं मिला. आपने टेस्ट किसपर किया?”

लेलेसाहेबांनी मोठ्या अभिमानानं लादी आणवली. दोघा हमालांनी ती गोणपाटातून काढून त्यांच्यापुढं ठेवली. नेगीसाहेबांनी लादीकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं आणि मग ते इतके हसले की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. आम्हाला आधी कळेना, मग कळलं, मग कुणी कुणाकडं बघेना.

हसून झाल्यावर त्यांनी कॅन्टीनमधून परात, साखर आणि मैदा मागवला. परातीत जाड साखरेचा थर दिला, वर मैदा टाकून हातानं चेपून चेपून घट्ट केला. वरून बोट दाबलं तर छान टणक लागत होता. मग परात एका बाजूनं हळूहळू उचलली. काही झालं नाही. अजून उचलली. काही नाही. मग त्यांनी मधोमध एक टिचकी मारली, आणि मैद्याची अख्खी पोळी एकदम सुटून खाली आली. कॅन्टीनच्या फरशीवर मैदाच मैदा. “यह है हमारा दुश्मन,” ते म्हणाले.

मी तिथं जे ऐकलं ते असं. डोंगरावर बर्फ एकदम पडत नाही, थराथरानं बसतो. एका वादळाचा थर, मग वाऱ्यानं चेपलेला थर, मग उन्हानं ओला होऊन पुन्हा गोठलेला. खाली जमीन त्यामानानं उबदार, वर हवा कडाक्याची. त्या फरकानं बर्फ आतल्या आत खालून बिघडतो. तळाचे कण सुटे, मोठे, खडीसाखरेसारखे होतात. एकमेकांना धरत नाहीत. वरचा थर मात्र टणक, चालायला उत्तम. त्याच्यावर माणसाचा पाय पडला की ती टिचकी. अख्खा उतार एकदम सुटतो आणि खाली जे असेल ते गाडतो. वर कितीही चांगलं दिसत असलं तरी खाली काय आहे ते टोचून बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून सळई. ती घट्ट थरात अडखळली पाहिजे आणि पोकळ थरात सुळकन गेली पाहिजे. त्यासाठी टोक बोथट हवं आणि हातोडा हलका. म्हणजे नमुना होता तसाच.

कुसुमनं विचारलं, “और वो खराब लेअर बहुत पतली हो तो?”

“अच्छा सवाल,” नेगीसाहेब म्हणाले आणि पुढचं सगळं ते तिच्याकडं बघून बोलले.

तोच सवाल माझ्या जिभेवर होता. पण माझं हिंदी तिथवर पोचेपर्यंत कुसुमचं पोचलं होतं. त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते अजून पुरतं थांबलेलं नाही.

कुसुमनं नवं ड्रॉइंग काढलं आणि मी त्या सळईवर टपून बसले. मला ती नापास करायची होती. त्यासाठी मी एक पिंप तयार केलं. त्यात भुसा, तूस, चेपलेला मैदा असे थर भरायचे आणि मध्ये कुठंतरी, मला एकटीलाच ठाऊक अशा खोलीवर, साबुदाण्याचा बोटभर थर लपवायचा. सळईनं तो सांगितला तर पास. पहिल्या सळयांना तो सापडला नाही. मी लेलेसाहेबांना बोलावून दाखवलं. कुसुमनं ठोका कमी उंचीवरून द्यायला सांगितला, तर सापडला. मग मी थर आणखी पातळ केला. तिनं टोकाची जोडणी सुधारली. मी आणखी पातळ केला. असं महिनोन्‌महिने चाललं. लेलेसाहेब म्हणायचे, “तुम्हा दोघींचं काय छान जमतं!” कॅन्टीनचा आचारी मात्र खरं बोलायचा. “बाई, एकादशीला खिचडीला साबुदाणा ठेवा, बाकीचा तुमच्या भांडणाला न्या.”

मत्सर वाईट म्हणतात. तपासणीच्या खात्यात तो फार कामाला येतो. ज्याचं कौतुक वाटतं त्याच्या कामात चूक दिसत नाही.

त्या पिंपाची गावभर चर्चा झाली होती. चाकणचे एक कांद्याचे व्यापारी, गोरेशेट म्हणू, एकदा आमच्या शेडमध्ये येऊन माझ्या टेबलासमोर मांडी ठोकून बसले. “बाई, तुमच्याकडं टोचून बघायचं यंत्र हाय म्हनं. आमच्या साठवणीच्या चाळीत कांदा वरून लाल चकचकीत दिसतोय आन्‌ मधी सडतोय. वास येईस्तवर गाडीभर माल गेलेला आसतो. एक सळई द्या की.”

मी म्हटलं, “शेट, सळई कांद्यात घातली तर चांगला कांदाही फुटंल. तो पण सडंल.”

“मंग ती बर्फाला कशी चालती?”

“बर्फाचा कांदा नसतो.”

“व्हय का,” म्हणाले आणि विचारात पडले. मग उठताना म्हणाले, “म्हंजी आतली खबर काढायला चांगल्यालाच भोसकायचं. पोलिसावानी.” गेले. पण माणूस नेगीसाहेबांइतकंच अचूक बोलून गेला होता. सळई टोचल्यानं ती जागा बिघडते. त्याच जागी पुन्हा मोजता येत नाही. शेजारी मोजावं लागतं, आणि शेजारचा बर्फ वेगळा असू शकतो. हे पुढं महत्त्वाचं झालं.

नव्या सळया पसंत पडल्या. पुढच्या हिवाळ्याआधी नेगीसाहेबांचा निरोप आला, सुधारलेल्या दोन सळया घेऊन कारखान्याचं माणूस चाचणीला पाठवा. लेलेसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी पदर नीट करून गेले. आत कुसुमचे वडील बसलेले.

“ताई,” ते उठून म्हणाले, “साहेब पोरीला एवढ्या लांब पाठवतो म्हणतात. एकटी पोर, परका मुलूख. मी नाहीच म्हणत होतो. पण साहेब म्हणाले, शिंदेबाई सोबत जातील. तुम्ही असाल तर माझी काही हरकत नाही.”

मी लेलेसाहेबांकडं पाहिलं. ते पेन्सिलीला टोक करत होते. “तुम्हालाही जरा हवापालट,” म्हणाले.

कारखान्यात इतकी वर्षं काढून मला हवापालट मिळत होता. नाही म्हणावं असं मनात आलं. पण नाही म्हटलं असतं तर कुसुमचे वडील तिला पाठवणार नाहीत, आणि मग लेलेसाहेब स्वतः जातील आणि सळई चुकीची धरतील. शिवाय बर्फ बघायचा होता. ज्याच्यासाठी एवढा साबुदाणा नासला तो. घरी सांगितलं तर हे म्हणाले, “जा की. लादी न आणता बर्फ बघायला मिळतोय.” तो विनोद कारखान्यातून घरापर्यंत पोचला होता.

छावणीतलं आमचं राहणं सांगत बसत नाही. दोन गोष्टी तेवढ्या सांगते. एक, बूट पुरुषांचे मिळाले. कुसुमचे पाय मोठे, तिला बरोबर बसले. माझ्या बुटांत मी चिंध्या कोंबल्या. दुसरी, उंचीवर गेलं की माणसाचं डोकं धरतं आणि अन्न जात नाही. माझं दोन्ही झालं. कुसुम राजम्यावर हात मारून वर आणखी एक रोटी मागायची. तिथल्या मजुरांना ती ‘छोटी बहनजी’ झाली. मी अर्थातच ‘बडी’. सळईला ते सुई म्हणायचे.

बर्फ मात्र पाहिला. हात कोपरापर्यंत आत जातो आणि मूठ वळली तर काही उरत नाही. खड्डा खणून आतली भिंत ब्रशनं साफ केली की थर दिसतात, खारीच्या कापासारखे. तळाचे कण मी तळहातावर घेतले. साबुदाण्यासारखे नव्हते. कोन असलेले, चमकणारे, बोटांतून निसटणारे. माझं पिंप चुकलं होतं असं नाही, पण थोडं चुकलं होतं.

तर ती सकाळ. छावणीपासून पुढं पायवाट एका मोठ्या उतारावर आडवी जायची. त्याच्या पलीकडं दगडी चौकी, तिच्यात रस्ता बघणारे दोन मजूर राहत. मागच्या वादळानंतर तिकडून कुणी आलेलं नव्हतं. वादळाआधी आलेल्या माणसानं सांगितलं होतं की दोघांतल्या एकाला ताप आहे. तो म्हणजे आमच्याकडच्या टोळीचा मुकादम दौलतराम याचा सख्खा भाऊ. दौलतरामनं औषध, रॉकेल, पीठ बांधून ठेवलं होतं. टोळी निघायला तयार होती. फक्त नेगीसाहेबांनी हो म्हणायचं होतं, आणि नेगीसाहेबांना सळईचं म्हणणं ऐकायचं होतं.

चहा देऊन मी कुसुमच्या मागोमाग उताराच्या कडेला गेले. कुसुमनं आपली सळई लावली. टोळी खोळंबलेली, म्हणून पूर्ण उंचीवरून ठोके. नेगीसाहेब आकडे घेत होते. वर मऊ, मग घट्ट, घट्ट, शेवटपर्यंत घट्ट. ती खूश झाली. दौलतरामनं सगळं समजल्यासारखं पाठीवर बोचकं चढवलं.

दुसरी सळई माझ्याजवळ होती. ती नुसती वाहून नेण्यासाठी. मला आतून वाटत होतं की हिचं चुकलं असावं. बर्फ बघून वाटलं नाही, तिला खूश बघून वाटलं. मी थोडं बाजूला जाऊन सळई उभी केली आणि पिंपात करायची तसे बुटके ठोके दिले. हातोडा वीतभर उचलायचा आणि सोडायचा. मऊ. घट्ट. घट्ट. मग एका ठोक्याला सळई हातातून निसटल्यासारखी सुळकन खाली गेली आणि पुन्हा अडली.

मी ओरडले, “कुसुम, इकडं ये.”

ती आली. मी शेजारी पुन्हा लावली. पुन्हा तेच. तिनं तिसऱ्या जागी लावली, तिथं नाही आलं. चौथ्या जागी आल्यासारखं वाटलं, खात्री नव्हती.

नेगीसाहेब खाली वाकून बघत होते. “तो क्या समझें? है या नहीं?”

दौलतराम पुढं आला. “साब, चार जगह में दो जगह ठीक है ना? हम लोग ठीक वाली जगह से जायेंगे.”

“ठीक वाली जगह पर लाईन मारी है क्या?” नेगीसाहेब म्हणाले.

दौलतराम माझ्याकडं वळला. “बहनजी, मेरा भाई उधर पडा है. आपकी सुई को क्या मालूम?”

माझं रीडिंग होतं, पण मी सोबत होते. कागदावर चाचणी कुसुमची होती. तिचं रीडिंग म्हणत होतं जा. माझं म्हणत होतं थांबा. मला मनातून तिनं भांडायला हवं होतं. तिनं म्हणावं, माझी सळई, माझं ड्रॉइंग, शिंदेबाईंचा हात हलला असेल. मग मी तिला पिंपातल्या प्रत्येक थराची आठवण करून दिली असती. मी तयार होते.

कुसुम म्हणाली, “सर, बडी बहनजी का रीडिंग लीजिए.”

“क्यों? आपका गलत है?”

“गलत नहीं. मेरे ठोके बडे थे, पतली लेअर निकल गयी होगी. या मेरी जगह पर लेअर होगी ही नहीं. पता नहीं. लेकिन हमारे यहाँ दो पीस में से एक खराब निकला, तो पूरा लॉट रुकता है.”

हा माझा नियम. रोज जेवणाच्या सुट्टीत मी तो लेथवाल्यांना ऐकवायचे आणि ते तोंडं वाकडी करायचे. तो तिनं माझ्या आधी, माझ्यापेक्षा चांगल्या हिंदीत सांगून टाकला. ती चुकावी एवढीच माझी इच्छा होती. ती चुकलीही, पण चुकण्यातही ती माझ्यापुढं गेली. तिला एका वाक्यात जमलेला मोठेपणा मला कधी जमला नसता हे मला त्याच वेळी कळलं, आणि त्यानं पोटातलं दुखणं कमी न होता वाढलं.

नेगीसाहेबांनी वाट बंद केली. दौलतरामनं बोचकं उतरवून बर्फात आपटलं आणि तो पाठ करून बसला. दिवसभर आमच्याशी कुणी बोललं नाही. सगळ्या छावणीचं लक्ष त्या उताराकडं. खरं सांगायचं तर तो सुटावा असं मला वाटत होतं. कुणी त्याच्यावर नव्हतं, कुणाचं काही जाणार नव्हतं. नुसता सुटावा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. ऊन चढलं, उतरलं. उतार तसाच.

संध्याकाळी कुसुम शेजारी बसून म्हणाली, “बाई, आपण चुकलो असू तर?”

“तर त्याचा भाऊ आणखी ताप काढेल.”

“आणि बरोबर असू तर?”

“तर काहीच होणार नाही.”

ती हसली. मी हसले नाही. माझ्या धंद्याची हीच खोड आहे. जो तुकडा मी बाजूला टाकते तो पुढं मोडला असता की नाही, हे कधीच कळत नाही. कारण तो कुठं बसवलेलाच नसतो. ड्रॉइंग काढणाऱ्याचं काम उभं राहिलेलं दिसतं. माझं काम म्हणजे न झालेले अपघात, आणि न झालेल्या गोष्टीला कुणी हार घालत नाही. कुसुमच्या शिक्षणाचा, पायांचा, भुकेचा मला हेवा वाटलाच. पण खरा हेवा हाच होता. तिचं काम दिसायचं.

वाचकांना उगाच टांगून ठेवत नाही. पुढं दोन-तीन दिवसांनी टोळी डोंगराच्या धारेवरून लांबच्या वाटेनं गेली आणि दौलतरामचा भाऊ स्वतःच्या पायांनी चालत खाली आला. ताप कधीच उतरला होता. चौकीत तो पत्ते खेळत बसला होता. दौलतरामनं त्याला आधी मिठी मारली, मग शिव्या घातल्या. उतार आम्ही असेपर्यंत सुटला नाही. नंतर सुटला का, ते मी कुणाला विचारलं नाही. चिंचवडला परतल्यावर सत्कार झाला तो कुसुमचा. लेलेसाहेबांनी भाषणात सांगितलं की शिंदेबाईंनी सोबत उत्तम केली.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. उतार उभा होता, दौलतरामचा भाऊ पलीकडं होता, आणि नेगीसाहेब झोपायला जाताना म्हणाले, “कल सुबह फिर से देखेंगे. दोनों.”

दोनों. म्हणजे दोघी. मी ते नीट ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी दार लोटलं. उतार जागच्या जागी होता, धुऊन वाळत घातल्यासारखा स्वच्छ. दौलतराम बाहेरच उभा होता. “बहनजी,” तो म्हणाला, “पहाड तो वहीं खडा है.”

“खडा रहने दो,” मी म्हटलं. “मैं फिर से पूछती हूँ उसको.”

दोन्ही सळया पत्र्याला टेकवून ठेवल्या होत्या. दोन्ही मीच पास केलेल्या, दोन्ही चोख. पण नापास न होणं वेगळं आणि उत्तम असणं वेगळं. एकीच्या नळ्यांचे आटे असे बसले होते की ठोका जराही वाया जात नसे, आणि ती कोणती हे फक्त मला ठाऊक होतं. कुसुम आत बुटाच्या नाड्या बांधत होती. “बाई, थांबा, मी आलेच,” ती म्हणाली.

मी चांगली सळई उचलली आणि तिच्या आधी बाहेर पडले.